टिपणांचे कूळ आणि टिपणांचे घर

१

विद्याव्यासंगाच्या इतिहासात ग्रंथांची नोंद होते. टिपणांची होत नाही. ग्रंथ सिद्ध झाला की ज्या कागदांवर तो पोसला गेला ते कागद बहुधा रद्दीत जातात, किंवा एखाद्या संस्थेच्या दप्तरात बासने बांधून पडून राहतात. वस्तुतः अभ्यासकाच्या विचाराची घडण त्याच्या ग्रंथाइतकीच, किंबहुना पुष्कळदा त्याहूनही अधिक उघडपणे, त्याच्या टिपणांच्या मांडणीत दिसून येते. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या शेजारी ठेवावी, कोणती वेगळी काढावी आणि कोणत्या नावाने ती पुन्हा हाक मारल्यावर सापडावी, हे ठरवीत असताना अभ्यासक आपल्या ज्ञानाचा नकाशाच आखीत असतो. ग्रंथात दिसतो तो त्या नकाशावरून केलेला प्रवास.

टिपण ठेवण्याचे मार्ग मुळात दोन. टिपण कशाविषयी आहे हे पाहून ते ठेवावे, हा एक. आणि टिपण काय आहे हे पाहून ते ठेवावे, हा दुसरा. पहिल्या मार्गाने जाणारा पानिपताविषयीचे सारे कागद एकत्र बांधील. मग त्यांत एखाद्या पत्राची नक्कल असो, ग्रंथाचा उतारा असो की मध्यरात्री सुचलेली शंका असो. दुसऱ्या मार्गाने जाणारा उतारे एकीकडे, ग्रंथांच्या नोंदी दुसरीकडे, व्यक्तींची माहिती तिसरीकडे आणि स्वतःचे विचार चौथीकडे ठेवील. पहिल्या मार्गात टिपणाला घर मिळते, दुसऱ्यात त्याचे कूळ ओळखले जाते. घर आणि कूळ यांतील हा वाद वरवर पाहता कारकुनी वाटेल. परंतु पुरावा कशाला म्हणावे, दुसऱ्याचे शब्द कोठे संपतात आणि स्वतःचे कोठे सुरू होतात, वाङ्मयप्रकार हे वाङ्मयाचे अंग की केवळ त्याचा वेष, असे टीकाशास्त्राला नेहमी छळणारे प्रश्न याच कारकुनी वादाच्या पोटात दडलेले आहेत.

या वादाचा भारतात सर्वांत खोल आणि पद्धतशीर विचार ज्यांनी केला त्या शियाळी रामामृत रंगनाथन् यांच्या आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे बंगळूर येथे गेली. १९५७ मध्ये झुरिचहून परतल्यावर त्यांनी या शहरात वास्तव्य केले; १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने येथेच प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले; आणि १९७२ मध्ये येथेच त्यांचा देह पडला. रंगनाथन् ग्रंथपाल होते आणि त्यांचा विचार ग्रंथांसाठी होता, ही गोष्ट खरी. तथापि बंगळूरच्या त्या केंद्रात ग्रंथ हे परिमाणच मागे पडले होते. नियतकालिकातील लेख, लेखातील परिच्छेद, परिच्छेदातील एक कल्पना अशा उत्तरोत्तर सूक्ष्म होत जाणाऱ्या विचारकणांना जागा कशी द्यावी, हा तेथील प्रश्न होता. ग्रंथाचा विचारकण झाला की ग्रंथालयशास्त्र आणि टिपणशास्त्र यांच्यामधील भिंत उरत नाही.

२

रंगनाथन् यांचे पूर्वचरित्र थोडक्यात सांगावयाचे तर ते मूळचे गणिताचे अध्यापक. १८९२ मध्ये तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे त्यांचा जन्म झाला. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद त्यांच्याकडे आले आणि त्या शास्त्राच्या अध्ययनासाठी ते लंडनला गेले. तेथे वर्गीकरणाचे अध्यापक बर्विक सेअर्स यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. प्रचलित पद्धतींत सर्व विषयांची यादी आगाऊ तयार करून प्रत्येकाला क्रमांक द्यावयाचा असे. नवा विषय जन्मास आला की यादी अपुरी पडे. लंडनच्या एका मोठ्या दुकानात मेकॅनो नावाचे खेळणे त्यांच्या पाहण्यात आले. त्यात मोटार, पूल, यारी अशा तयार वस्तू नसून केवळ पट्ट्या, चाके, नट आणि बोल्ट होते. त्यांच्या जुळणीतून हवी ती वस्तू उभी करता येई. विषयांची यादी करण्याऐवजी विषयांच्या घटकांची यादी करावी आणि ते घटक जोडण्यासाठी एखादे चिन्ह योजावे, ही कल्पना येथून निघाली. जोडणीसाठी द्विबिंदू हे विरामचिन्ह निवडले गेले, आणि १९३३ मध्ये ‘द्विबिंदू वर्गीकरण’ प्रसिद्ध झाले. पुढे घटकांच्या पाच मूलकोटी ठरल्या: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल.

रंगनाथन् यांच्या जन्मभूमीविषयी एक गोष्ट मराठी वाचकास लक्षात घेण्यासारखी वाटेल. तंजावर हे मराठ्यांचे दक्षिणेतील राज्य. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीतूनच एकोजीराजे तेथे गेले. त्याच वंशातील दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह नामांकित केला. आणि त्या संग्रहातील संस्कृत हस्तलिखितांची विषयवार सूची आर्थर बर्नेल यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केली. रंगनाथन् यांच्यावर या संग्रहाचा काही परिणाम झाला असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या प्रदेशात मूळ, भाष्य आणि टीका यांची पोथ्यांची रास शतकानुशतके साठत आली, त्या प्रदेशाचा हा पुत्र होता, एवढे ध्यानात ठेवणे उपयोगाचे ठरेल.

३

टिपणाचे कूळ ओळखण्याची विद्या पश्चिमेकडून आली असा समज रूढ आहे. झुरिचच्या कोन्राड गेस्नरने सोळाव्या शतकात कागदाच्या चिठ्ठ्या कापून त्या मांडण्याची रीत सांगितली. मेल्विल ड्युई यांची दशांश पद्धती १८७६ मध्ये निघाली, आणि तीत पुढे कोशाला ०३, नियतकालिकाला ०५, इतिहासाला ०९ असे ठरीव रूपांक कोणत्याही विषयामागे जोडण्याची सोय झाली. ब्रुसेल्स येथे पॉल ओत्ले आणि आंरी ला फोंतेन यांनी १८९५ पासून विश्वसूचीची पत्रके जमविण्यास प्रारंभ केला आणि त्यांची संख्या कोटीच्या वर गेली. हा सर्व इतिहास खरा आहे. परंतु लिखाणाला कूळ असते आणि ते कूळ सांगितल्यावाचून लिखाणाचा अर्थ लागत नाही, ही जाणीव भारतीय परंपरेत फार जुनी आहे.

दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शास्त्रीय लिखाणाचे प्रकार सांगितले आहेत: सूत्र, वृत्ती, पद्धती, भाष्य, समीक्षा, टीका, पंजिका, कारिका, वार्तिक. यांतील कोणताही प्रकार विषयावरून ठरत नाही. व्याकरणाचेही भाष्य असते आणि वेदान्ताचेही. प्रकार ठरतो तो मुळाशी असलेल्या नात्यावरून. सूत्र संक्षेपाने सांगते, वृत्ती त्याचा आशय उघड करते, भाष्य आक्षेप उभे करून त्यांचे निरसन करते, वार्तिक उक्त, अनुक्त आणि दुरुक्त यांचा विचार करते. अर्थात ही जात लेखनाच्या घाटाची नसून कर्तव्याची आहे. आजचा अभ्यासक जेव्हा उतारा, सारांश, शंका आणि स्वमत अशी टिपणांची विभागणी करतो तेव्हा तो नकळत हीच वाट चालत असतो.

मराठीत तर या विवेकाचे उदाहरण वाङ्मयाच्या अगदी प्रारंभीच सापडते. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी जमविण्यास आरंभ केला. ज्याने जे पाहिले, ऐकले, त्याला भेटून, पुनःपुन्हा विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. हा संग्रह घराच्या तत्त्वावर उभा आहे: प्रसंग कोठे घडला आणि केव्हा घडला, या क्रमाने लीळा लागतात. परंतु याच सामग्रीतून केशोबासांनी दुसऱ्या तत्त्वाने दोन ग्रंथ काढले. चक्रधरांची तत्त्वनिरूपक वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ झाला. त्यांनी सांगितलेले दृष्टान्त वेगळे काढून ‘दृष्टान्तपाठ’ झाला. प्रसंगाच्या घरातून वचन बाहेर काढले गेले आणि त्याला त्याच्या कुळात नेऊन बसविण्यात आले.

‘दृष्टान्तपाठा’ची घडण या दृष्टीने विशेष पाहण्याजोगी आहे. त्यातील ११४ दृष्टान्तांपैकी प्रत्येकाला तीन अंगे आहेत: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. पहिली दोन चक्रधरांची, तिसरे केशोबासांचे. गुरूचे बोलणे आणि शिष्याने लावलेला अर्थ एकाच पानावर एकत्र नांदत असूनही त्यांच्यातील सीमा पुसली गेलेली नाही. जेथे गुरुवचनाला परमेश्वरवचनाचे स्थान आहे तेथे ही सीमा पाळणे हा धर्माचाच भाग होता, हे उघड आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाल्यावर स्मरणातून ते पुन्हा उभे करण्यात आले, तेव्हाही निरनिराळ्या शिष्यांच्या स्मरणातील पाठभेद ‘वासना’ म्हणून नोंदले गेले. कोणते वाक्य कोणाच्या स्मरणातून आले, हे सांगण्याची ही निष्ठा एखाद्या अर्वाचीन संशोधनसंस्थेलाही भूषणावह ठरावी.

तथापि या व्यवहारात काही गमावलेही गेले. ‘सूत्रपाठा’तील वचन त्याच्या प्रसंगापासून तुटते. कोणाला उद्देशून ते उच्चारले गेले, कोणत्या प्रश्नाचे ते उत्तर होते, हे कळण्यास पुन्हा लीळेकडे जावे लागते. म्हणूनच सूत्रांचा प्रसंग सांगणारे प्रकरणवश पुढे निर्माण करावे लागले. कूळ राखले की घर सुटते, आणि सुटलेले घर दुसऱ्या ग्रंथाने परत मिळवून द्यावे लागते. सातशे वर्षांपूर्वीच्या या अनुभवात टिपणव्यवस्थेचा सारा पेच आलेला आहे.

४

महानुभावांच्या सांकेतिक लिपीचे कोडे ज्यांनी उलगडले त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी कुळाचा प्रश्न अर्वाचीन इतिहासलेखनात आणला. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रे त्यात छापलेली होती आणि त्यांना जोडलेल्या दीर्घ प्रस्तावनेत बखरींची कठोर परीक्षा केलेली होती. बखर आणि अस्सल पत्र ही दोन्ही एकाच पानिपताविषयी बोलतात, घर एकच. परंतु पत्र प्रसंगाच्या वेळी, व्यवहाराच्या निकडीने लिहिलेले असते. बखर मागाहून, ऐकीव माहितीवर, कोणाच्या तरी आज्ञेवरून किंवा गौरवासाठी रचलेली असते. म्हणून दोहोंचे वजन एक नव्हे. पत्र, महजर, वतनपत्र, शकावली, करीना, बखर ही नावे राजवाड्यांच्या हातात प्रामाण्याच्या पायऱ्या झाल्या. मराठी इतिहाससंशोधनात कुळाचा हा विचार एकदा रुजल्यावर जुन्या तऱ्हेने इतिहास लिहिणे अशक्य झाले. १९१० मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या कार्याचा पायाही हाच आहे.

परंतु कूळ म्हणजे निवाडा नव्हे, हे दाखविणारे उदाहरणही राजवाड्यांच्याच कार्यात आहे, आणि योगायोगाने ते बंगळूरचे आहे. जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य त्यांनी १९२२ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. १६३८ नंतर बंगळूर हे शहाजीराजांचे ठाणे झाले होते. त्यांच्या दरबाराचे, तेथील पंडितांचे आणि नाना भाषांत रचना करणाऱ्या कवींचे चित्र या काव्यात आहे. कुळाने पाहिले तर ही राजस्तुती. प्रामाण्याच्या पायरीवर तिचे स्थान बखरीच्याही खाली. तरीही शहाजीराजांच्या दरबारात कोणत्या भाषा नांदत होत्या, या प्रश्नाला या स्तुतिकाव्याइतके बोलके साधन दुसरे क्वचितच असेल. कवी स्तुतीत अतिशयोक्ती करील; परंतु ज्या भाषेत तो स्तुती करतो ती भाषा अतिशयोक्ती असू शकत नाही. पराक्रमाच्या प्रश्नाला जे साधन दुबळे, ते भाषेच्या प्रश्नाला बळकट ठरते. याचा अर्थ असा की कागदाचे कूळ कायम असले तरी त्याचे वजन विचारलेल्या प्रश्नाप्रमाणे पालटते. राजवाड्यांना हे अंतर्ज्ञानाने उमगले होते. त्यांनी चंपूला जोडलेली विस्तृत प्रस्तावना त्याची साक्ष आहे.

त्याच प्रस्तावना दुसऱ्या एका गोष्टीचीही साक्ष देतात. इतरांच्या कागदांचे कूळ इतक्या काटेकोरपणे तपासणारा हा पुरुष स्वतःच्या लेखनात पुरावा, अनुमान आणि कल्पना यांना एकाच प्रवाहात सोडून देतो. शब्दाची व्युत्पत्ती, समाजाचा इतिहास आणि संपादकाचा संताप एकाच वाक्यात एकमेकांच्या आधाराने उभे राहतात. या लेखनाचे सामर्थ्यही त्यातच आहे. परंतु पुढच्या पिढ्यांना त्यातून टिकाऊ ते वेचताना जे श्रम पडले ते केशोबासांच्या वाचकाला पडत नाहीत. दार्ष्टान्तिक कोठे सुरू होते हे राजवाडे सांगत नाहीत.

५

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात जे मोठे सामुदायिक ज्ञानोद्योग झाले त्यांतही हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत उभा राहिला. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड १९२० पासून प्रसिद्ध होऊ लागले. कोश म्हटला की अकारविल्हे आलेच. अकारविल्ह्यांत प्रत्येक टिपणाला जागा मिळते, परंतु ती जागा म्हणजे घर नव्हे. शेजारचे टिपण केवळ अक्षराच्या अपघाताने शेजारी आलेले असते. समाजशास्त्रज्ञ केतकरांना हे मानवणारे नव्हते. म्हणून पहिले पाच खंड त्यांनी प्रस्तावनाखंड म्हणून वेगळे काढले आणि त्यांत हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास असे विषय सलग निरूपणाने मांडले. वर्णानुक्रमाचा शरीरखंड त्यानंतर आला. एकाच ग्रंथात दोन व्यवस्था नांदविण्याची ही तडजोड बोजड झाली, असे कोणी म्हणेल. तरीही शोधणाऱ्याची सोय आणि समजून घेणाऱ्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठीत इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथम केतकरांनी दाखविले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांच्या नेतृत्वाखाली संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचण्यात आले आणि चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. पहिला खंड प्रसिद्ध होण्यास १९७६ हे वर्ष उजाडले. येथे टिपणाचे कूळ एकच: शब्द, त्याचा प्रयोग दाखविणारे अवतरण आणि त्याचे स्थलनिर्देश. शेकडो हातांनी लिहिलेली चिठ्ठी एका साच्याची असल्यामुळेच एका पिढीने लिहिलेले टिपण दुसऱ्या पिढीला निःशंकपणे वापरता आले. वैयक्तिक टिपणात जो साचा जाच वाटतो तो सामुदायिक उद्योगात विश्वासाचा आधार होतो. मात्र चिठ्ठी लिहिणाऱ्याला त्या उताऱ्याविषयी काय वाटले, याला तीत जागा नव्हती. साचा जे विचारतो तेवढेच टिपण सांगते.

६

या पार्श्वभूमीवर रंगनाथन् यांचा निर्णय पाहिला म्हणजे त्याचे मोल कळते. कूळ की घर, असा विकल्पच त्यांनी नाकारला. सूची, कोश, नियतकालिक, इतिहास, चरित्र या प्रकारांना त्यांनी स्वतंत्र दालने दिली नाहीत. त्यांना ‘सामान्य एकल’ मानले. सामान्य याचा अर्थ असा की तो घटक कोणत्याही विषयाला जोडता येतो आणि कोठेही त्याचे चिन्ह तेच राहते. पदार्थविज्ञानाची सूची पदार्थविज्ञानाजवळच राहील, वनस्पतिशास्त्राची सूची वनस्पतिशास्त्राजवळ. परंतु दोहोंवरील ‘सूची’चे अक्षर एकच असल्यामुळे, मनात आणल्यास, सर्व सूची एकत्र वेचताही येतील. घर विषयाने द्यावे आणि कूळ कपाळावर लिहावे, असा हा तोडगा आहे.

त्यातही त्यांनी एक मार्मिक भेद केला. यांतील काही एकलांना त्यांनी ‘पूर्वस्थ’ ठरविले. म्हणजे विषयाची सूची किंवा विषयाचा कोश हा त्या विषयावरील मुख्य ग्रंथांच्या आधी फळीवर येतो. कारण वाचक विषयात प्रवेश करतो तो याच दारांनी. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी एक. आणि येथे क्रमाचे समर्थन त्या सूत्रात आहे. अभिजात ग्रंथांसाठी तर त्यांनी वेगळीच युक्ती योजिली. मूळ ग्रंथ, त्याचे भाष्य आणि भाष्यावरील टीका यांना एका धाग्यात ओवून क्रमाने शेजारी बसविण्याची ती युक्ती होय. पाणिनी, पतंजली आणि कैयट यांना दूरदूरच्या फळ्यांवर ठेवणाऱ्या परकीय पद्धतींना जे साधले नाही ते येथे साधले. राजशेखराने सांगितलेली नाती अंकांच्या भाषेत बोलू लागली.

परंतु वाङ्मयाच्या वर्गात येताच रंगनाथन् यांनी आपला नियम फिरविला, आणि टीकाकाराच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण घटना हीच. येथे प्रकार हा मागाहून जोडावयाचा सामान्य घटक राहत नाही. प्रथम भाषा, मग प्रकार, मग ग्रंथकार, मग कृती, असा क्रम ठरतो. ग्रंथकार त्याच्या जन्मवर्षाने ओळखला जातो: इंग्रजी नाटकात शेक्सपिअर हा १५६४ चा, बंगाली काव्यात रवींद्रनाथ हे १८६१ चे. इतर शास्त्रांत विषय हे घर आणि प्रकार हे कूळ. वाङ्मयात मात्र प्रकार हेच घर. कवितेला विषय नसतो असे नव्हे. पण विषय सांगून कविता सांगितली जात नाही, हे सत्य या गणितज्ञाने एका क्रमांकात मान्य केले. टीकाशास्त्रात घाट आणि आशय यांच्या अभेदाविषयी पाने भरून लिहिले गेले आहे; ग्रंथालयाच्या फळीवर तोच सिद्धान्त विरामचिन्हांच्या साह्याने मांडला गेला.

या निर्णयाची किंमतही मोठी आहे. प्रकार ग्रंथकाराच्या आधी आल्यामुळे अनेक प्रकारांत लिहिणारा लेखक फाटला जातो. बा. सी. मर्ढेकर यांचे ‘काही कविता’ (१९४७) काव्याच्या फळीवर जाईल. ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) कादंबरीच्या. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) सौंदर्यविचारात. १९०९ हे जन्मवर्ष काव्यात आणि कादंबरीत पुन्हा भेटेल, एवढाच काय तो दुवा. आणि मर्ढेकरांविषयी महत्त्वाचा असा कोणताही प्रश्न या तिन्ही फळ्यांवरून एकाच वेळी पुस्तके काढल्यावाचून विचारताच येत नाही. कादंबरीतील संज्ञाप्रवाहाचे कवितेतील प्रतिमांशी नाते काय, भाववृत्तींच्या लयीचा सिद्धान्त कवीच्या स्वतःच्या रचनेत कितपत उतरतो, हे प्रश्न प्रकारांच्या भिंती ओलांडणारे आहेत. ‘ज्ञानेश्वरी’ची अडचण याहून निराळी. अभिजात ग्रंथाच्या युक्तीने ती गीतेच्या मागे भाष्य म्हणून उभी राहते. वाङ्मयाच्या क्रमाने ती मराठी काव्याच्या आरंभी येते. दोन्ही जागा खऱ्या आहेत. फळीवर मात्र पोथी एकाच ठिकाणी ठेवता येते.

एका वस्तूला एकच जागा, ही कागदाची अट होय. रंगनाथन् यांना ती ठाऊक होती आणि निर्देशीत ती सैल करण्याचा उपाय म्हणून त्यांनी शृंखलापद्धती सुचविली. क्रमांकातील प्रत्येक दुव्याला निर्देशीत स्वतंत्र नोंद मिळाली की वाचक कोणत्याही बाजूने येऊन त्याच वस्तूपाशी पोचतो. त्यांच्या पश्चात बंगळूरच्या केंद्रात गणेश भट्टाचार्य यांनी १९७९ च्या सुमारास हा विचार पुढे नेला आणि विषयशीर्षकांच्या पदांची पुनर्मांडणी करण्याची पद्धती सिद्ध केली. फळीचा क्रम आणि शोधाचा क्रम यांची फारकत येथे पूर्ण झाली.

ज्या वर्षांत बंगळूर येथे हे काम चालले होते त्याच वर्षांत जर्मनीत समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान आपली पत्रकपेटी भरीत होते, आणि अखेरीस तीत सुमारे ९०,००० पत्रके जमली. त्यांनी विषयाचे घर जवळजवळ नाकारले. नवे टिपण ज्या टिपणावरून सुचले त्याच्या मागे ते ठेवावयाचे आणि क्रमांकाने इतरांशी जोडावयाचे, अशी त्यांची रीत. परंतु एक कूळभेद त्यांनीही मोडला नाही: ग्रंथांच्या नोंदी वेगळ्या आणि स्वतःच्या विचारांची टिपणे वेगळी. एकाने सर्व विश्वासाठी व्यवस्था केली, दुसऱ्याने केवळ स्वतःसाठी. आणि परक्याचे व आपले यांतील रेषेपाशी दोघेही थांबले, हे लक्षणीय आहे.

७

आज बंगळूर हे संगणकविद्येचे शहर म्हणून जगास ठाऊक आहे. कागदाची पत्रकपेटी जाऊन तिच्या जागी खिशातील यंत्रावर चालणारी टिपणांची साधने आली आहेत. नोशनसारख्या साधनात टिपणाला प्रकार, तारीख, लेखक, विषय असे रकाने जोडता येतात. ऑब्सिडियनसारख्या साधनात एका टिपणातून दुसऱ्याकडे दुवे टाकता येतात. एका वस्तूला एकच जागा ही अट तेथे उरलेली नाही. ‘ज्ञानेश्वरी’वरील टिपण एकाच वेळी गीतेच्या मागेही दिसू शकते आणि मराठी काव्याच्या आरंभीही. मर्ढेकरांच्या तीन फळ्या एका शब्दासरशी एकत्र होतात. पैलू मोजून, ते सुटे ठेवून, गरजेनुसार जुळविण्याची ही रीत मेकॅनोच्या पेटीतून निघालेल्या कल्पनेशी नाते सांगते, हे ती वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल.

कागदाची अट गेल्याने प्रश्न मात्र संपलेला नाही. त्याचे रूप बदलले आहे. जागा पुष्कळ झाल्या, की जागा ठरविताना होणारा विचारही टळतो. ग्रंथपालाला एकच क्रमांक द्यावयाचा असल्यामुळे ग्रंथ मुख्यतः कशाविषयी आहे याचा निर्णय करणे भाग पडे. दहा खुणा लावण्याची मुभा असलेला अभ्यासक तो निर्णय पुढे ढकलू शकतो, आणि पुढे ढकललेले निर्णय साठत जातात. दुसरा धोका याहून गंभीर. कागदावर उतारा कॉपी करताना हाताला श्रम पडत आणि त्या श्रमातच तो दुसऱ्याचा आहे ही जाणीव राही. यंत्रावर उतारा क्षणात येऊन पडतो. त्याचा टंक, त्याची शाई, त्याचे वळण स्वतःच्या वाक्यांसारखेच असते. सहा महिन्यांनी उघडलेल्या टिपणात दुसऱ्याचे वाक्य आपले वाटू लागले तर त्यात दुष्टबुद्धी असतेच असे नाही. पण विद्येच्या क्षेत्रात जो अपराध सर्वांत लाजिरवाणा मानला जातो त्याची सुरुवात पुष्कळदा अशा निष्पाप टिपणातच होते.

म्हणून टिपणांची दालने प्रकारावरून करावीत की विषयावरून, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या कामाप्रमाणे द्यावे. कोशकाराला एक साचा पुरेल, चरित्रकाराला काळाचा क्रम हवा, टीकाकाराला प्रकारांच्या भिंती वारंवार ओलांडाव्या लागतील. रंगनाथन् यांनीही वाङ्मयासाठी आपला नियम बदलला. वस्तूच्या स्वभावाप्रमाणे व्यवस्था बदलावी, यात त्यांना न्यूनत्व वाटले नाही. परंतु टिपण कोठेही राहो, ते काय आहे हे त्याच्यावरच लिहिलेले असावे: हा उतारा, हा सारांश, ही ऐकीव गोष्ट, हे माझे अनुमान. ऋद्धिपुरच्या त्या लेखकांनी गुरूच्या वचनाखाली आपला अर्थ लिहिताना त्याला वेगळे नाव दिले, तेव्हा त्यांच्यापुढे ना वर्गीकरणाचे शास्त्र होते ना कसले यंत्र. आपल्या शब्दांना गुरूच्या शब्दांचे मोल मिळू नये, एवढीच त्यांची काळजी होती.